वाया गेलेले डोस

४ फेब्रुवारी

ती. आत्या,

पोचले, खोली मिळाली, वेळेवर जेवते, कानाला मफलर बांधते. तुझे चारही प्रश्न संपले, आता माझं ऐक.

फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन लागायचा म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि तुझे गुडघे काही तुला चढू द्यायचे नाहीत. म्हणून पत्र. शिवाय बाबा म्हणतात, "तुझ्या आत्याला लिहूनच कळव, बोललेलं ती सोयीने विसरते."

नोकरी झकास आहे. आमची संस्था अकरा देशांतल्या सहाशे केंद्रांना लसी आणि फ्रिज पुरवते, आणि त्या सहाशे केंद्रांचे आकडे माझ्या टेबलावर येतात. टेबल नवव्या मजल्यावर, खिडकीशी. लहानपणी मी साखरेचे दाणे ओळीने मांडत बसायचे म्हणून तू मला मुंगी म्हणायला लागलीस. आता त्याच कामाचा मला पगार मिळतो.

पहिलंच काम मोठं मिळालंय. लसी कमी पडताहेत. कुठे एकेका डोससाठी आया दिवस दिवस चालतात, आणि कुठे बाटल्याच्या बाटल्या वाया जातात. सर्वांत जास्त वाया घालवणारी दहा केंद्रं मी शोधून काढायची, म्हणजे त्यांचे फ्रिज उचलून गरजवंतांना देता येतील. केंद्राचं नाव, देश, सगळं झाकलेलं असतं, नुसता नंबर दिसतो. ओळखीपाळखीने कुणाला सूट मिळू नये म्हणून. मला ही पद्धत फार आवडली.

आणि आत्या, काय एकेक नमुने आहेत! २१४ नंबरचं केंद्र घे. दहातले सहा डोस वाया. एखादा महिना नाही, नऊ वर्षं! तिथली बाई लसीने फरशी पुसते की काय? तिच्या कानाखाली एक वाजवावी असं वाटतं. माझ्या यादीत तिचा नंबर पहिला आहे.

तुला या कामात सव्वीस वर्षं झाली. एवढी लस वाया जाते तरी कशी, ते मला समजावून सांग. आणि तुझ्या केंद्राचा नंबर कळव. तुझे आकडे सगळ्यांना दाखवून मला जरा मिरवायचंय.

तुझी मुंगी


२० फेब्रुवारी

मुंगे,

आशीर्वाद नेहमीचेच, त्यात काटकसर नाही. तुझं पत्र लसीच्या गाडीवाल्याने बर्फाच्या पेटीत ठेवून आणलं, त्यामुळे तुझा सगळा उत्साह माझ्या हातात थंडगार पडला.

लस वाया कशी जाते विचारतेस. गोवराच्या लसीच्या एका बाटलीत दहा मुलांचे डोस असतात. बाटली उघडली की सहा तास. नंतर उरलेली लस ओतून द्यायची, तसा नियमच आहे आणि तो योग्य आहे. आता समज, सकाळी तीनच मुलं आली. त्यांना परत पाठवायचं? आई दोन तास चालत आलेली असते. आज पाठवलीस तर ती पुन्हा येत नाही. म्हणून तिघांसाठी बाटली उघडायची आणि उरलेले सात डोस 'वाया' या रकान्यात लिहायचे. नवव्या मजल्यावरून तुला सात दिसतात, इथून मला तीन दिसतात. एवढाच फरक आहे.

तेव्हा त्या २१४ च्या बाईच्या कानाखाली वाजवण्याआधी तिला एक ओळ लिहून विचारलंस का, की बाई गं, काय झालं? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं शिकल्यासवरल्या पोरीने करू नये.

इकडे विशेष काही नाही. केंद्र तू पाहिलंस तसंच आहे, दोन खोल्या आणि एक गळकं सिंक. रस्त्यापलीकडे ते आवार, जहाजावरचे गंजके लोखंडी डबे टाकून दिलेलं. सरकारी नकाशात ते आवार रिकामं आहे. नकाशावाल्यांना डब्यांवर वाळत घातलेले कपडे दिसत नसावेत. सीमेपलीकडच्या लढाईतून जीव घेऊन पळालेली माणसं तिथे राहतात. त्यांच्यातली एक शिंपीण माझी मैत्रीण झाली आहे. डब्याला खिडकी कापून तिथे तिने मशीन मांडलंय. माझ्या गणवेशाच्या बाह्या तिने इतक्यांदा शिवल्यात की मूळचं कापड आता शोधून काढावं लागेल.

माझ्या केंद्राचा नंबर विचारलास. तो फ्रिजच्या पाठीवर चिकटवलाय. फ्रिज भिंतीला टेकलाय, सरकवायला दोन माणसं लागतात. आज इथे एकच आहे, ती मी. बघू.

तुझी आत्या


९ मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू म्हणतेस ते सगळं मी धरलं होतं गं. लहान केंद्रात दहातले तीन-चार डोस वाया जायचेच, ते आम्ही माफ करतो. पण सहा? तू स्वतःवरून जग ओळखतेस, म्हणून त्या बाईची बाजू घेतेस.

अहवाल मंजूर झाला! मोठ्या मॅडमनी भर सभेत माझं नाव घेतलं, आणि त्यांना म्हणे स्वतःच्या ड्रायव्हरचंही नाव आठवत नाही. टाळ्या वाजल्या. आमच्याकडे एक चष्मेवाले गृहस्थ आहेत. दुसऱ्याच्या कामात चूक सापडली की त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागतं. तेसुद्धा नंतर म्हणाले, "बेरजा बरोबर आहेत." दहाही केंद्रांना नोटिसा गेल्या. २१४ चा फ्रिज ३० एप्रिलला उचलणार.

आणखी एक ऐक. २१४ च्या आजूबाजूला गोवराची मोठी साथ आहे. शेजारची केंद्रं कुठली तेही नुसत्या नंबरानेच कळतं, पण त्यातल्या प्रत्येकातून शेकड्यांनी आजारी मुलांच्या नोंदी येताहेत. २१४ मधून किती? शून्य. मी मॅडमना सांगितलं, ही बाई लसही वाया घालवते आणि आजारी मुलंही नोंदवत नाही. अशीच असतात बघ ही माणसं, एकात कामचुकार ती सगळ्यात कामचुकार.

तुमच्या भागातही गोवर आलाय असं पेपरात वाचलं, तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. दगदग करू नकोस. आणि तो फ्रिज अजून सरकला नाही का?

तुझी मुंगी


२४ मार्च

मुंगे,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी आहेत. आधी राग घे.

फ्रिज सरकवला नाही, कारण तशी गरज नाही. नंबर मला पाठ आहे. २१४.

तुमची नोटीस आणि तुझं पत्र एकाच गाडीतून आलं. गाडीवाल्याने विचारलं, "बाई, आधी कुठलं वाचता?" म्हटलं, कुठलंही दे, दोन्ही एकाच घरून आलंय.

आता बस आणि ऐक. नऊ वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, मी तीन मुलांना टोचून सिंकपाशी उभी होते. हातात बाटली, बाटलीत सात डोस, सहा तास भरायला थोडाच वेळ उरलेला. खिडकीतून समोर पाहिलं तर शिंपीण डब्याच्या सावलीत बसलेली आणि तिच्याभोवती पोरं. मी मोजली, सात. कागद एकाकडेही नाही. आणि नियम असा, की कागद नाही त्याला कार्ड नाही, कार्ड नाही त्याला लस नाही. तीच लस सिंकमध्ये ओतायला मात्र कसलाही कागद लागत नाही. मी बाटली घेऊन रस्ता ओलांडला. परत येऊन नोंदवहीत लिहिलं, 'वाया, सात'.

मग ते दर आठवड्याला व्हायला लागलं. खरं सांगते, पुढे पुढे नोंदणीतलं एकच मूल आलं तरी मी बाटली उघडायचे, कारण रस्त्यापलीकडे नऊ जण वाट बघत असायचे. आज त्या आवारात चारशे बारा मुलं आहेत आणि प्रत्येकाला वयाप्रमाणे सगळ्या लसी मिळाल्या आहेत. तू ज्याला वाया म्हणतेस ते रोज दुपारी माझ्या दारासमोर फुटबॉल खेळतं आणि मला डुलकी काढू देत नाही.

आजारी मुलं मी नोंदवत नाही म्हणतेस. आहेत कुठे नोंदवायला? आजूबाजूला दुसऱ्या केंद्रांच्या गावांत घराघरात गोवर आहे. गेल्या पंधरवड्यात टेकडीमागच्या वस्तीतली दोन पोरं गेली. त्यातल्या एकाला मी चालायला शिकताना पाहिलं होतं. इथे गावात आणि आवारात एकाच्याही अंगावर पुरळ नाही. तुझा तो शून्य खरा आहे, मुंगे.

मी खोटं लिहिलं, हेही खरं. नऊ वर्षं लिहिलं. विचारायला हवं होतं, पण 'नाही' ऐकायची मला भीती वाटली. एकदा 'नाही' आलं की पुढे टोचणं म्हणजे हुकूम मोडणं. न विचारता केलं की नुसता गबाळेपणा. मला गबाळी ठरणं परवडलं.

तू मला ओळखलं नाहीस म्हणून मी रागावले नाही. नंबर झाकलेला होता, तू तरी काय करणार? मी सांगूनही तू त्या बाईला एक ओळ लिहून विचारलं नाहीस, त्याचा राग आहे. आणि 'अशीच असतात ही माणसं' हे तुझ्या हातून लिहिलं गेलं, त्याचा त्याहून जास्त.

माझ्यासाठी रदबदली करू नकोस. माझ्या नोकरीचं दीड वर्ष उरलंय, ताशेरे आले तर झेलीन. पण आवारात अठ्ठावन्न तान्ही मुलं आहेत. मे महिन्यात ती गोवराच्या लसीच्या वयाची होतील, आणि साथ दाराशी येऊन उभी आहे. फ्रिज ३० एप्रिलला गेला तर त्यांना मी काय टोचू, साधं पाणी? फ्रिज वाचव. तू नेऊ घातलास, तूच थांबव.

आता आशीर्वाद घे.

तुझी आत्या


६ एप्रिल

आत्या,

तीन दिवस तुझं पत्र पिशवीत घेऊन फिरले. लिफ्टमध्ये कुणी नसलं की काढायचे आणि 'चालायला शिकताना' पर्यंत आलं की परत ठेवायचे. मला लाज वाटते. तुझ्या कानाखाली वाजवायची भाषा मी केली, ती आठवली की टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटतं. माफ कर असं म्हणायचाही धीर होत नाही, तरी म्हणते.

आज सकाळी मॅडमकडे गेले. सांगितलं की माझा अहवाल चुकलाय, आणि २१४ ची बाई माझी सख्खी आत्या आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुझी आत्या आहे, म्हणून तुझा शब्द मला चालणार नाही. ती स्वतःच खोटं लिहिलं म्हणते, म्हणून तिचाही नाही. मला तिसरं काहीतरी दाखव." तपासणी त्यांनी माझ्याकडून काढून घेतली आणि दिली कुणाला? चष्मेवाल्यांना. ते म्हणाले, "लस सिंकमध्ये गेली की दंडात गेली, हे नोंदवहीवरून कळत नाही." राग आला, पण त्यांचं खोटं नाही.

२८ एप्रिलला सभा आहे. आत्या, त्या मुलांकडे काही लिहिलेलं आहे का? काहीही, चिटोऱ्यावर का होईना! असेल तर फोटो काढून लगेच पाठव. टपालावर विसंबू नकोस, कुणालातरी टाकीवर चढव.

मुंगी


१७ एप्रिल

मुंगे,

माफ केलं. आता ते रडगाणं पुरे, काम बघ.

लिहिलेलं आहे का, म्हणून विचारतेस! मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या बाई म्हणायच्या, "तारीख आणि बाटलीचा नंबर लिहिल्याशिवाय जी सुई उचलेल तिला मी दाराबाहेर उभी करीन." छापील कार्डं मोजून येतात, ती या मुलांना देता येत नाहीत. म्हणून मी लसींची रिकामी खोकी कापते. प्रत्येक टोचणीला त्या दिवशीच्या खोक्याची एक पट्टी. आतल्या कोऱ्या बाजूवर मुलाचं नाव, तारीख, लस आणि बाटलीचा नंबर. शिंपीण ती पट्टी आधीच्या पट्टीला मशीनवर शिवून देते. थोरल्या मुलांची कार्डं आता हातभर लांब झाली आहेत.

ती सगळी गोळा करून तुला पाठवावी म्हटलं, तर एकही आई हातातून सोडेना. शिंपीण मला म्हणाली, "बाई, आमच्या पोरांचं नाव सबंध जगात या एकाच कागदावर आहे. तो असा कसा लांब पाठवायचा?" मग तिनेच तोड काढली. आयांनी आवारात रांग लावायची, मूल शेजारी उभं करायचं, कार्ड दोन्ही हातांनी ताणून धरायचं, आणि गाडीवाल्याने आपल्या फोनवर फोटो काढायचा. रविवारी सकाळी सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. फोटो म्हटल्यावर एकीने मुलाचे केस तीनदा विंचरले, दुसरी घरी जाऊन स्वतःच कपडे बदलून आली, आणि रांगेत नंबर गेला म्हणून भांडली. लिहिलेल्या बाजूचा फोटो पुरे होता, पण शिंपीण हटून बसली, "उलटी बाजूपण घ्या, माझी शिवण तिकडून चांगली दिसते." घेतली बाई, एकेक कार्ड उलटं करून.

चारशे बारांपैकी तीनशे सत्त्याण्णव कार्डं मिळाली. नऊ पावसात भिजून त्यांचा लगदा झाला, पाच हरवली, आणि एक बकरीने खाल्लं. बकरीची प्रकृती उत्तम आहे.

गाडीवाला फोटो पाठवायला काल टाकीवर चढला तो दुपारभर वरच होता. शिंपिणीने त्याला दोरीने चहा वर पाठवला.

एक सांगते. तुमचे चष्मेवाले म्हणतील की ही कार्डं आम्ही परवा बसून लिहिली. मी ती त्या त्या दिवशीच लिहिली, हेच माझं उत्तर.

आत्या


२९ एप्रिल

आत्या, आत्या, आत्या,

जिंकलो! फ्रिज कुठेही जात नाही. आता सगळं नीट सांगते.

चष्मेवाले तुझे फोटो घेऊन अकरा दिवस बसले होते. मला जवळ फिरकू देईनात. तू म्हणालीस तस्संच झालं. दुसऱ्या दिवशी ते मोठ्याने म्हणाले, "हे गेल्या आठवड्यात बसूनही लिहिता येईल." मग त्यांनी पुढचा फोटो उघडला, तो उलट्या बाजूचा होता, आणि ते खुर्चीत पुढे सरकले. आत्या, लसीच्या खोक्यांचा रंग नऊ वर्षांत चार वेळा बदलला आहे! आधी निळा, मग हिरवा, मग पिवळा, मग पांढऱ्यावर लाल रेघ, आणि आता जांभळा. तुझ्या ते लक्षातही नसेल. प्रत्येक मुलाच्या पट्ट्या त्याच क्रमाने बदलत गेल्या होत्या. चष्मेवाले स्वतःशीच म्हणाले, "निळं खोकं आता जगात शिल्लक नाही. ही बाई ते गेल्या आठवड्यात आणणार कुठून?" त्या दिवशी ते जेवायला गेले नाहीत. शिंपिणीला सांग, तिच्या शिवणीने आपल्याला तारलं.

काल सभा झाली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझा अहवाल चुकला. बेरजा बरोबर होत्या, पण मी त्या बाईंना काही विचारलंच नव्हतं." एक सदस्य म्हणाले की नियम मोडला आहे, खोट्या नोंदी केल्या आहेत, बाईंना काढून टाका. तेवढ्यात चष्मेवाले उठले. ते सभेत कधी बोलत नाहीत. म्हणाले, "अडीच हजारांवर टोचण्या मी तपासल्या. नोंदवहीत ज्या दिवशी सात वाया, त्या दिवशी कार्डांवर सात मुलं. कुठे एखाददुसरं कमी भरलं, जास्त एकही नाही. तीस वर्षं मी नोंदवह्या तपासतोय. इतकी प्रामाणिक खोटी नोंदवही मी पाहिली नाही." मॅडमनी साथीचा नकाशा मागवला. चहूकडे लाल, आणि मधोमध तुझं आवार कोरं.

ठरलं ते असं. तुझा फ्रिज राहील आणि पावसाळ्याआधी दुसरा येईल. सहाशेच्या सहाशे केंद्रांच्या नोंदवहीत नवा रकाना येईल, 'कागद नसलेली मुलं'. त्यांच्यासाठी लस वेगळी मोजून पाठवली जाईल, कुणाला काही लपवावं लागणार नाही. तुमच्या आरोग्य खात्याने सर्वांत आधी होकार कळवला.

आणि अजून. यादीतल्या बाकीच्या नऊ केंद्रांना या वेळी सभेआधीच मी एकेक ओळ लिहिली, 'बाई, काय झालं?' चौघींची उत्तरं आली. चार वेगवेगळे देश, आणि चौघींची तुझीच गोष्ट! एकीने कार्डांऐवजी घराघराच्या दारामागे खडूने नोंदी केल्या आहेत. त्यांचेही फ्रिज राहणार.

तुला मात्र एक लेखी ताकीद येईल, चुकीच्या नोंदींबद्दल. ती मला टाळता आली नाही.

तुझी मुंगी


१९ मे

मुंगे,

आशीर्वाद, आणि या वेळी राग नाही, शोधूनही सापडला नाही.

तुझं पत्र दहा तारखेला आलं, पण तुला वाटतं तशी बातमी आम्हाला त्यातून कळली नाही. फ्रिज न्यायला गाडीवाला ठरल्याप्रमाणे ३० एप्रिलला दारात हजर झाला होता. त्याचं तोंड एवढंसं. म्हणाला, "हुकूम आहे बाई, मी काय करू?" म्हटलं, ने बाबा. पण फ्रिज सरकवायला दोन माणसं लागतात, आणि मला गुडघे. तो शिंपिणीकडे गेला, तिचा हात दुखत होता. मग तो आवारात फिरला. मुंगे, त्या दिवशी आवारातल्या यच्चयावत पुरुषांची कंबर एकाच वेळी धरली! कालपर्यंत लोखंडी डबे ढकलणारे गडी कण्हत भिंतीला टेकून बसले होते. गाडीवाल्याने सगळ्यांकडे बघितलं, आणि पहिल्यांदा हसला. म्हणाला, "मग वर कळवतो, माणूस मिळत नाही म्हणून," आणि टाकीवर चढला.

वरून त्याने फोन लावला, तर पलीकडचा माणूस त्याच्यावरच ओरडला, "अरे, दोन दिवस तुला शोधतोय, हुकूम रद्द झालाय!" गाडीवाल्याने टाकीवरून अशी आरोळी ठोकली की मला वाटलं पडला. धरलेल्या कमरा एका क्षणात सुटल्या. आवारात काय गोंधळ झाला ते लिहिता येणार नाही. शिंपीण मला मिठी मारून नाचायला लागली, दुखऱ्या हातासकट. मी आत जाऊन फ्रिजला टेकून पोटभर रडले. नऊ वर्षांचं साठलं होतं.

ताकीदही पोचली. काच बसवून सिंकच्या वर टांगली आहे. बाटली धुताना वाचते आणि बरं वाटतं.

आता कालचं सांगते. नवी लस आली, अठ्ठावन्न तान्ह्यांसाठी सहा बाटल्या. मला रस्ता ओलांडावा लागला नाही. आयाच रस्ता ओलांडून आल्या, पुढच्या दारातून, आणि माझ्या खुर्च्यांवर बसल्या. छापील कार्डं त्यांनी घेतली, पण खोक्याची पट्टीही मागून घेतली. शिंपिणीने मशीन केंद्राच्या ओट्यावरच आणून ठेवलं होतं. अठ्ठावन्न झाली आणि शेवटच्या बाटलीत दोन डोस उरले. हात सवयीने सिंककडे वळला, आणि माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, गाडीवाल्याला विचारलं, "तुझ्या जुळ्या पोरी किती महिन्यांच्या झाल्या रे?" तो ओशाळला. म्हणाला, "दहा. त्यांच्याकडे कागद आहेत बाई, म्हटलं त्यांना काय, केव्हाही मिळेल." गावभर लस पोचवणाऱ्याच्या घरात लस नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तासाभरात बायकोला आणि पोरींना लसीच्याच गाडीत घालून आणलं त्याने. दोघींनी मिळून असा सूर लावला की आवारातली फुटबॉलची टोळी खेळ सोडून खिडकीला येऊन चिकटली.

संध्याकाळी मी नवी नोंदवही उघडली. 'कागद नसलेली मुलं', अठ्ठावन्न. 'कागद असलेली मुलं', दोन. 'वाया' या रकान्यापाशी जरा थांबले, चष्मा पुसला आणि लिहिलं, शून्य. शिंपिणीला दाखवलं. तिला आपली लिपी येत नाही, पण तो गोल तिला ओळखू आला, आणि तिने त्याच्यावरून बोट फिरवलं.

केंद्राचा नंबर कळव म्हणाली होतीस. २१४. आमचे आकडे आता सगळ्यांना दाखव आणि हवं तेवढं मिरव.

तुझी आत्या